आजोबांकडून आलेली ६१ किलो नाणी : आधी घासायची की आधी मांडायची?

धाब्याचं_घर | रविवार, रात्री ९:५०

राम राम मंडळी,

अमळनेर तालुक्यातलं आमचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर या मे महिन्यात उतरवायचं ठरलंय. पणजोबांनी बांधलेलं घर. मागची भिंत फुगलीय, धाबं दोन पावसाळे गळतंय. आजी होती तोवर हा विषय कुणी काढला नाही. ती मागच्या वर्षी पौषात गेली.

कोठीच्या खोलीत नाणी आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण किती ते कुणालाच नव्हतं. तीन पितळी घागरी, दोन डालड्याचे डबे आणि खड्या मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेला एक रांजण. सगळं मिळून धान्याच्या काट्यावर ६१ किलो ४०० ग्रॅम भरलं. पणजोबा बैलगाडीत लुगडी आणि खण घालून आठवडे बाजार करायचे, आजोबांनी पुढे गावातच किराणा टाकला. सुटे पैसे साचत गेले, बंद झाले तरी कुणी टाकले नाहीत. मी लहान असताना एक पैसा पायाखाली आला तर आजी म्हणाली होती, "पैसाले पाय नको लावू, कोनी तरी घाम गाळेल शे त्याम्हा." तो आवाज अजून कानात आहे.

आता जे चुकलं ते सांगतो, कारण त्यासाठीच हा धागा काढलाय. गेल्या दिवाळीत आम्ही चुलत भावंडं जमलो होतो. एक डालड्याचा डबा उघडला. आत कापडाची थैली, थैलीत बहुतेक तांब्याचे पैसे, काळेकुट्ट. आम्ही ती परातीत ओतली आणि आजी पितळेची भांडी घासायची तशी चिंच आणि मीठ लावून २३० नाणी घासली. गुलाबी झाली, झगझगीत. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवली. थैलीवर शाईने काहीतरी लिहिलं होतं, कुणाला वाचता आलं नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे ती थैली बंबात गेली.

परवा पिशवी उघडली. जवळपास चाळीस नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी आलीय. बोटाने सुटते, खाली खड्डा दिसतो. एका पाव आण्यावरचा राणीचा गाल अर्धा गेलाय. आणि ज्या रांजणाला, घागरींना आम्ही हात लावला नव्हता त्यातली नाणी तशीच काळी, शांत, ठणठणीत आहेत.

दुसरा डबा उघडला तर त्यातही थैली आणि तिच्यावरही शाईने एक शब्द. तेव्हा पोटात गोळा आला. पहिल्या थैलीवर काय लिहिलं होतं ते आता कधीच कळणार नाही.

विचारायचं असं : हिरवी भुकटी थांबेल का? आणि बाकीच्या ५९ किलोंचं काय करू, कुठून सुरू करू? घर उतरायला पाच आठवडे आहेत.

---

पांझराकाठ | रविवार, रात्री १०:२०

भाऊ, आधी थांबा. एकही नाणं धुवू नका, दुसरी एकही थैली ओतू नका.

भांड्यांना नंबर द्या. घागर १, घागर २, रांजण. प्रत्येकाचा उघडायच्या आधी फोटो, वरून आणि बाजूने. एका वेळी एकच थैली उघडायची आणि ती संपेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. थैली, दोरा, आत कागदाचा कपटा असला तर तो, सगळं त्याच नंबराच्या डब्यात. मी धुळ्यात वीस वर्षं जुनी नाणी बघतोय. लोक माझ्याकडे घासलेली नाणी आणतात, त्याचं दुःख एकदाचं सोसतं. पण एकत्र केलेले ढीग आणतात तेव्हा हळहळ वाटते. कोणतं नाणं कोणत्या नाण्याशेजारी होतं हे एकदा मोडलं की परत जोडता येत नाही.

थैलीवरचा शब्द मोडीत आहे का? फोटो टाका.

---

गिरणामाई | सोमवार, सकाळी ७:१५

वाचून जीव हळहळला. पण एक विचारते, रागावू नका. आमच्याकडे (चाळीसगाव) लक्ष्मीपूजनाच्या पाटावर पाच राणीछाप रुपये असतात. माझ्या सासूबाई दर दिवाळीला चिंचेने घासून, दुधाने धुऊन, हळदकुंकू लावून पुजायच्या, आता मी करते. राणीचं नाक आता दिसतसुद्धा नाही. तरी ते आमच्या घरातले सगळ्यात मोलाचे रुपये आहेत. मग घासणं एवढं वाईट कसं?

---

कलदार | सोमवार, सकाळी ८:४०

गिरणामाई ताई, तुमचे पाच रुपये पूजेचे आहेत आणि त्यांची झीज हीच त्यांची ओळख आहे. ते तसेच पुजा. चिंच मात्र सोडा, नुसत्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपा, पुसू नका. हळदकुंकू पूजा झाल्यावर लगेच धुवा. नातसुनेलाही राणीचा चेहरा थोडा दिसायला हवा.

धाग्यातल्या भाऊंचं वेगळं आहे. त्यांच्याकडे हजारो नाणी आहेत आणि त्यांतली कोणती काय सांगते हे अजून कळायचंय. नाण्यावरचा काळा किंवा तपकिरी थर हा मळ नसतो. तांब्याने हवेशी शंभर वर्षांत केलेला तो करार असतो, खालचं अक्षर तोच सांभाळतो. घासलं की थर जातो आणि त्याबरोबर वरची बारीक नक्षीही जाते. जाणकार माणूस घासलेलं नाणं हातात घेताच ओळखतो आणि बाजूला ठेवतो.

मांडणीवर संध्याकाळी सविस्तर लिहितो.

---

सातपुडा_मास्तर | सोमवार, दुपारी २:०५

मी शहाद्याजवळ रसायनशास्त्र शिकवतो, हिरव्या भुकटीवर लिहितो.

हिरवं दोन प्रकारचं. एक गडद, घट्ट, नखाने न निघणारा थर. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी, त्याला हात लावू नका. दुसरं तुमच्याकडचं : फिकट, भुसभुशीत, बोटाला लागणारं. हा तांब्याचा रोग आहे आणि तो मिठामुळे होतो. मिठातलं क्लोराईड तांब्याशी जोडलं जातं, हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराईड, पुन्हा आम्ल. चक्र थांबत नाही. चिंचेच्या आम्लाने तुम्ही संरक्षक थर काढलात, मिठाने उघड्या तांब्यात क्लोराईड भरलंत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीने ओल कोंडून धरली. तिन्ही गोष्टी एकदम झाल्या. मुद्दाम सांगतोय, कारण चिंच-मिठाची ही पद्धत घरोघरी आहे.

उपाय. आजारी नाणी आजच बाजूला काढा, बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या काचेच्या भांड्यात. भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झटका, बांबूच्या काडीने हलकेच काढा, सुई नको. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा. बॅटरीत घालायचं पाणी म्हणून जे मिळतं ते शुद्ध असेल तर चालतं. नळाचं नको, त्यात स्वतःचंच क्लोराईड असतं. पहिले चार दिवस रोज पाणी बदला, मग दोन-तीन दिवसांनी. तीन-चार आठवडे धीर धरावा लागेल.

पाण्यात क्लोराईड अजून उतरतंय का हे कळण्याची युक्ती आहे. जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या पाण्याचा थोडा नमुना न्या. त्यात नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की क्लोराईड असेल तर पाणी दुधासारखं गढूळ होतं. ज्या दिवशी स्वच्छ राहील त्या दिवशी भिजवणं संपलं.

अगदीच हट्टी नाण्यांसाठी संग्रहालयांतले लोक धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचं पातळ मिश्रण वापरतात, आठवडेच्या आठवडे. पण त्याने नाण्याचा रंग बदलू शकतो, म्हणून फक्त आजाऱ्यांवर आणि शेवटी.

नंतर कोरडं करणं. इथे आपल्या खान्देशाचं ऊन कामाला येतं. वैशाखात आपल्याकडे पारा ४४ च्या वर जातो आणि हवेत ओल नावाला नसते. सावलीतल्या वाऱ्यावर सुती कापडावर दोन दिवस ठेवा. श्रावणात हे काम करू नका.

---

अहिराणी_पोर | सोमवार, दुपारी ३:३०

मास्तर, मी एक व्हिडिओ देखा. भांडामा अॅल्युमिनियमनी फॉइल, खाण्याचा सोडा नि गरम पाणी. काळा रुपया टाका की चांदी चमकी उठनी. खरं शे का?

---

सातपुडा_मास्तर | सोमवार, दुपारी ४:१०

खरं शे भो. चांदीवरचा काळा थर म्हणजे गंधकाशी जोडलेली चांदी. फॉइलचं अॅल्युमिनियम ते गंधक ओढून घेतं आणि चांदी मागे राहते. घासण्यापेक्षा चांदी कमी जाते, हे खरं. पण थरही जातो आणि नाणं पांढरंफटक, मेलेलं दिसतं. ताटं-वाट्यांना करा. नाण्यांना नको.

नाण्यावर तेलकट काही असेल, जुन्या फ्लिपचा (नाणं ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पाकिटाचा) चिकट हिरवा थर असेल, तर शुद्ध अॅसिटोन. ते धातूला काही करत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात बाकी भेसळ असते. काचेची वाटी, उघडी खिडकी आणि आसपास विस्तव नको, भडकन पेटतं.

---

कलदार | सोमवार, रात्री ९:००

मांडणी. मी नाशिकला असतो, असे दोन साठे लोकांबरोबर बसून लावलेत. ६१ किलोला घाबरू नका, रोज एक थैली.

जमिनीवर जुनी सुती गोधडी, तिच्यावर पांढरी चादर. नाणं कडेने धरायचं. घसरलं तर गोधडीवर पडेल, फरशीवर नाही. बोटांच्या घामातही मीठ असतं, सुती हातमोजे घाला. अंड्यांचे ट्रे, वर्तमानपत्र, रबरबँड यांतलं काहीही वापरू नका. रबरातलं गंधक चांदीला काळं करतं, दोन वर्षांत नाण्यावर बँडची रेघ उमटते.

आधी लोहचुंबक. जुन्यांपैकी चिकटलं ते निकेल : १९४७ चा रुपया, पाठीवर वाघ असलेला, आणि स्वातंत्र्यानंतरचे बरेच रुपये. मग रंगाने तांबं-कांसं, चांदी, पांढरी मिश्रधातू, अॅल्युमिनियम. हाताला हलकं लागलं ते अॅल्युमिनियम : १९६४ नंतरचे एक, दोन, तीन पैसे. तीन पैशांचं षट्कोनी नाणं तुमच्या किराण्याच्या गल्ल्यात शेकड्याने असेल.

मग वजन. शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, सराफ वापरतात तसला. कंपनी सरकार आणि राणीचा कलदार (यंत्रावर पाडलेला) रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तोळ्याचं माप त्याच रुपयाने बांधलं होतं. त्यात १२ भागांत ११ भाग चांदी. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाचंही वजन तेवढंच, पण चांदी अर्धीच, बाकी तांबं, निकेल, जस्त. महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून. पाव आणा तांब्याचा होता तोवर ६.४७ ग्रॅम, १९०६ पासून कांस्याचा झाला तेव्हा ४.८६. भोकाचा पैसा (१९४३ ते ४७) जेमतेम दोन ग्रॅमचा, तोही युद्धात धातू वाचवण्यासाठी.

सालं वाचताना दोन ठिकाणी गाडी अडते. १८४० आणि १८६२ ही सालं कोरलेले रुपये पुढे बरीच वर्षं त्याच सालाने पाडले गेले. मुंबई टांकसाळीने १८६२ च्या रुपयांवर बारीक ठिपके दिले, त्यावरून पाडण्याचं खरं वर्ष कळतं. म्हणून '१८६२ चे शंभर रुपये' असा एक ढीग करू नका, भिंगाने ठिपके मोजा. राणीच्या नावापुढे 'क्वीन' असेल तर १८७६ पर्यंतचं, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचं.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया मिळाला तर बाजूला. राजाच्या झग्यावरच्या हारातला हत्ती डुकरासारखा दिसला, लोक चिडले, सरकारने रुपये परत घेऊन १९१२ ला हत्ती नीट कोरला. अडाण्याला दोन्ही सारखे दिसतात. भिंगाखाली सोंड बघा.

संस्थानी नाणी वेगळी. तुमच्या भागात त्यांची गर्दी असेल याची मला खात्री आहे, त्यावर थैल्या उघडल्या की बोलू.

---

वकिली_नजर | मंगळवार, सकाळी ११:२५

एक सूचना, महत्त्वाची. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत, म्हणजे भिंतीतसुद्धा, लपवलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. घागरी, डबे तुमच्या घरात उघड ठेवलेले होते, तो वारसा, त्याचा प्रश्न नाही. पण घर उतरवताना भिंतीतून, चुलीखालून काही निघालं तर ते हलवू नका. मजुरांनाही आधीच सांगून ठेवा, नंतर नाही.

दुसरं. १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे. परदेशातल्या कुणालाही पाठवायचं नाही, भेट म्हणूनही.

---

केळीबाग_रावेर | मंगळवार, दुपारी १:४०

माझा अनुभव देतो, दुसऱ्याच्या कामी येईल. वडिलांचे ९० राणीछाप घेऊन आम्ही एका सराफाकडे गेलो होतो. त्याने सगळे एकदम तागडीत टाकले, चांदीच्या भावातून घट कापली आणि आकडा सांगितला. एकाही रुपयाचं साल बघितलं नाही. आम्ही दिले. चार महिन्यांनी कळलं की त्यातले काही वितळवायचे नव्हतेच. ते आता कुठल्या तरी पैंजणात आहेत.

आणि नाण्यांचे फोटो फेसबुकवर टाकू नका. मी टाकले तेव्हा तिसऱ्या दिवशी फोन, 'तुमच्या एका नाण्याचे २० लाख, आधी नोंदणीचे ४ हजार भरा, रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे.' रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की ती अशा व्यवहारात नाही आणि कुणाला कमिशन मागायचा अधिकार दिलेला नाही.

---

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी २:१५

केळीबाग भाऊ, त्यात हेही जोडतो. एकीकडे राम दरबार किंवा हनुमान, दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, १८१८' असं नाणं प्रत्येक दुसऱ्या घरात निघतं. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ती अलीकडची देवळाबाहेरची टोकनं. आणि 'तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं' विचारत कुणी दारात आला तर दार लावून घ्या, त्यात आपल्या भागातली शहाणीसुरती माणसं जमिनी घालवून बसलीत.

---

धाब्याचं_घर | पुढच्या रविवारी, रात्री ११:३०

आठवडा झाला, रोज रात्री एक थैली. सगळ्यांचे मनापासून आभार, फार मोठं काम झालंय तुमच्यामुळे.

थैलीवरचा शब्द मोडीच आहे. फोटो एका ओळखीच्या मोडी जाणकारांना पाठवला. त्यांनी दोन मिनिटांत वाचलं : शेंदवा, म्हणजे आताचं सेंधवा.

मग मी घागरीतल्या थैल्या बघितल्या. प्रत्येकीवर एक शब्द. पारोळे. धरणगाव. नवापूर. दोंडाईचे. आणि एकीवर नुसतं घाट. बाजारांची नावं आहेत. पणजोबा ज्या बाजारातून येत, तिथला गल्ला त्या बाजाराच्या थैलीत टाकत.

शेंदव्याच्या थैलीत ४१२ नाणी. बहुतेक इंग्रजी पाव आणे, पण त्यात ६६ नाणी बसलेल्या नंदीची. नागरीत होळकरांचं नाव, संवत १९४४, १९४५, १९४७. कलदार काकांनी खासगी संदेशात सांगितलं की संवतातून ५७ वजा करा, म्हणजे १८८७ च्या पुढची. शेंदवा तेव्हा इंदूर संस्थानात, शिरपूरच्या पलीकडे सातपुडा चढला की होळकरांचा मुलूख. पारोळ्याच्या थैलीत नंदी एकही नाही, ३०० च्या वर सगळे इंग्रजी पैसे. नवापूरच्या थैलीत सयाजीराव गायकवाडांचे तांब्याचे पैसे, कारण शेजारचं सोनगड बडोद्याचं. आणि 'घाट' म्हणजे अजिंठ्याचा घाट असणार, कारण त्या थैलीत चारमिनार असलेल्या निजामाच्या चांदीच्या दोन आण्या-चार आण्या आहेत, हिजरी सालाच्या. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर, तिथून निजामाचं राज्य सुरू.

चादरीवर सहाही थैल्या शेजारी शेजारी मांडल्या तर बैलगाडीचा रस्ता दिसतो. सरहद्दी दिसतात. पणजोबांना मी बघितलेलं नाही, त्यांचा फोटोही नाही.

आता घासलेल्या २३० नाण्यांकडे बघवत नाही. त्यांच्यात ३१ नंदी आहेत, ५ चारमिनार. शिरपूरचा बाजार असेल? चोपडा? दोन वेगळ्या बाजारांची एक थैली असेल? शब्द बंबात गेला. आजारी चाळीस नाणी पाण्यात आहेत, सहाव्या दिवशी नमुना नेला तर अजून दुधासारखं झालं. कॉलेजातल्या मॅडमनी आपणहून पुढच्या आठवड्यात पुन्हा या म्हणून सांगितलंय.

---

सातपुडा_मास्तर | सोमवार, सकाळी ६:५०

होऊ द्या गढूळ. बाहेर निघतंय म्हणजे आत कमी होतंय. पाणी बदलत रहा.

---

गिरणामाई | सोमवार, सकाळी ७:०५

थैल्या धुऊ नका हो. मला माहिती आहे, तुमच्या घरातल्या कुणाला तरी त्या मळलेल्या बघून धुवायचा मोह होणार. शाई फुटेल.

---

कलदार | सोमवार, सकाळी ८:१५

काल रात्री दोनदा वाचलं. तुमच्या साठ्यात कदाचित एकही 'दुर्मीळ' नाणं नसेल, नंदीचा पैसा बाजारात सहज मिळतो. पण कोणत्या आठवडे बाजारात कोणत्या संस्थानाचा पैसा किती चालत होता, हे लिहून ठेवलेल्या थैल्या मी चाळीस वर्षांत पाहिल्या नाहीत. गॅझेटिअरमध्ये एक ओळ असते, 'सीमाभागात संस्थानी नाणी चालतात.' तुमच्याकडे त्या ओळीचा हिशोब आहे.

वहीत प्रत्येक थैलीचं पान करा : एकूण नाणी, कोणत्या सरकारची किती, सर्वांत जुनं साल, सर्वांत अलीकडचं साल. अलीकडच्या सालावरून त्या बाजाराला जाणं कधी थांबलं ते कळेल. वही झाली की अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत (१९८० पासून आहे, त्र्यंबकच्या रस्त्याला) एकदा घेऊन जा. थैल्यांचे फोटो धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही दाखवा. इतिहासकार वि. का. राजवाडे धुळ्यातच १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले, मंडळ त्यांचीच दप्तरं सांभाळायला उभं राहिलं, थैलीवरच्या एका शब्दाची किंमत तिथे सांगावी लागणार नाही.

---

अहिराणी_पोर | सोमवार, सकाळी ९:३०

वाटणी कशी करतल भाऊ? चार भाऊबंद म्हणजे चार ढीग. थैल्या फुटतीन.

---

धाब्याचं_घर | तीन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:२०

उशिरा लिहितोय, घर उतरायला सुरुवात झाली.

वाटणीचं आधी सांगतो, पोराने बरोबर बोट ठेवलं होतं. वडील, दोन काका आणि आत्या बसले. काकांचं म्हणणं वजनाने चार वाटे करा, साधं काम. मी वही पुढे केली आणि थैल्या मांडून दाखवल्या. शेंदव्याची थैली दाखवली तेव्हा मोठे काका बोलले, त्यांना आजोबांनी सांगितलेली आठवण होती, सेंधव्याच्या घाटात बैल बसला होता आणि पणजोबा दोन रात्री गाडीखाली झोपले. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर वजनाचा विषय निघाला नाही. चांदीचे रुपये आणि किराण्याच्या गल्ल्यातले १९५७ नंतरचे नये पैसे चौघांत वाटले. थैल्या एकत्र माझ्या वडिलांकडे राहतील, वहीच्या चार प्रती होतील. आत्याला लक्ष्मीपूजनासाठी पाच राणीछाप हवे होते, झिजलेले, सालं न लागणारे असे पाच तिनेच निवडले.

आजारी नाण्यांचं पाणी कालच्या नमुन्यात स्वच्छ राहिलं. चाळीसपैकी छत्तीस वाचली. गाल गेलेली राणी वाचली, गाल परत येणार नाही. सावलीत वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून काचेच्या बरणीत वेगळी ठेवलीत. बरणीवर चिठ्ठी लावलीय : 'थैली हरवली. दिवाळीत घासलेली.'

वकील साहेब, तुमची सूचना फार वेळेवर आली. चुलीमागच्या भिंतीतून लिंपलेला एक तांब्याचा लोटा निघाला. वरून शिवराई दिसतात, 'श्री राजा शिव' वाचता येतं. मजुरांना आधीच सांगितलेलं असल्याने कुणी हात लावला नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला, पोच घेतली, लोटा होता तिथेच आहे. ती भिंत शेवटी उतरेल.

आणि एक. दुकानाच्या दाराच्या उंबऱ्यावर एक रुपया खिळ्याने ठोकलेला होता. लहानपणापासून बघतोय, आम्हाला वाटायचं शुभ म्हणून ठोकलाय. काल उंबरा निघाला तेव्हा भिंगाने बघितलं. कडेवरचे दाते पुसट, अक्षरं साबणासारखी बोथट, राजाच्या मानेजवळ हवेचा बुडबुडा फुटल्याचा खळगा. ओतीव आहे. नखाने ओरखडा उठतो, आतून शिशासारखा राखाडी. कुणीतरी आजोबांच्या गळ्यात मारलेला खोटा रुपया. त्यांनी तो दुसऱ्याच्या गळ्यात मारला नाही, उंबऱ्याला ठोकला, म्हणजे पुन्हा बाजारात जायला नको.

खिळा उपटला तर रुपया फाटेल. सुताराला सांगून उंबऱ्याचा तेवढा तुकडा करवतीने कापून घेतलाय, खिळ्यासकट. पांझराकाठ भाऊ, सागाच्या लाकडाजवळ शिसं ठेवलं तर काही होतं का?

---

पांझराकाठ | शनिवार, संध्याकाळी ७:०५

होतं. लाकडातून आम्लाची वाफ सुटते, बंद डब्यात शिशावर पांढरी भुकटी येते. पेटीत कोंडू नका, उघड्यावर ठेवा. शंभरेक वर्षं उघड्यावरच टिकलाय तो.